दादीचं लुगडं

घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचा तर हल्ली कपडेही मिळतेजुळते लागतात. आम्ही सोलापूरचे. ईदनंतर स्टुडिओत जायचं ठरलं आणि घरात रंगांवरून चर्चा सुरू झाली. भाभीजाननी बदामी रंग सुचवला. पुरुषांना कुर्ते, बायकांना सलवार-कमीज. दादीचं काय? ‘त्यांनाही ड्रेस शिवू. लुगड्यात आपण मुसलमान वाटत नाही,’ असं कुणीतरी बोलून गेलं.

दादी आयुष्यभर इरकल नेसत आली. हिरवं अंग, लाल रेशमी पदर, त्यावर पांढरी नक्षी. कर्नाटकातल्या इळकल गावावरून हे नाव पडलं. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा. दोन्ही एकमेकांत गुंतवून एकच साडी विणली जाते. दादी एवढंच म्हणाली, ‘इसीच लुगडे में नमाज पढी मैं, इसीच में तुम सबकू पाली.’

उर्दू शाळेत आम्ही मुलांना सांगतो की भाषा म्हणजे मजहब नव्हे. मग पोशाखाला वेगळा न्याय का?

शेवटी आम्हीच बदललो. लुगडं समोर पसरून त्यातले रंग घेतले. कुणाचा कुर्ता हिरवा, कुणाचा दुपट्टा लाल, बाकीचे पांढऱ्यात. बरेचसे कपडे घरातच निघाले. नवं कापड फक्त मुलींना घ्यावं लागलं.

उद्या आमची मुलं हा फोटो पाहतील. आपण या मातीतले आहोत, हे त्यांना वेगळं सांगावं लागू नये.