मूळपेशींचे मोल

वसतिगृहात आमच्याच पंगतीला वाढलेल्या एका मित्राला दोन वर्षांपूर्वी मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग झाला. पारगावात थोडा ऊस, पदरी दोन मुली. डॉक्टरांनी मूळपेशींचे (स्टेम सेलचे) प्रत्यारोपण सुचविले. पहिल्या रुग्णालयाने खर्चाचा एकच मोठा आकडा सांगितला. त्याची फोड मिळेना. आम्ही वर्गणी सुरू केली आणि सोबत चौकशीही. ज्यांच्याकडे हात पसरायचा, त्यांना पैसा कशावर जाणार हे सांगता यावयास हवे.

या आजारात बहुधा रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवतात, मेल्फलान या औषधाची जबर मात्रा देतात आणि मग त्या पेशी परत चढवितात. पेशी मज्जेतून रक्तात उतराव्यात म्हणून चार-पाच दिवस फिलग्रास्टिमची इंजेक्शने द्यावी लागतात. नंतर यंत्र रक्तातून तेवढ्याच पेशी वेचून घेते. वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख पेशी हव्यात.

फिलग्रास्टिम आपल्या देशातील कंपन्या बनवू लागल्या, तेव्हा ते आवाक्यात आले. पेशी कमी पडल्यास लागणारे प्लेरिक्साफॉर मात्र महाग. हे औषध मुळात एचआयव्हीसाठी शोधले गेले होते. अमेरिकेत २००८ साली त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. ते सरसकट न देता, चौथ्या दिवशी रक्तातील पेशी मोजून गरजूंनाच देण्याची पद्धत आहे. एवढ्या मोजणीने मोठा खर्च टळू शकतो! दुसरी बचत साठवणीतली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये न गोठवता पेशी रक्तपेढीच्या साध्या शीतकपाटात ४ अंशांवर काही दिवस टिकतात आणि मेल्फलानला तेवढी मुदत पुरते. भारतात आणि मेक्सिकोत असे प्रत्यारोपण होत आले आहे. स्वस्त म्हणजे कमअस्सल, हा समज येथे तरी खरा नाही.

आमच्या मित्राला प्लेरिक्साफॉर लागले नाही. दुसऱ्या एका रुग्णालयात त्याच्या पेशी साध्या शीतकपाटातच राहिल्या. तो आता पुन्हा शेतावर जातो.

रक्ताच्या इतर अनेक कर्करोगांत मात्र दुसऱ्याच्या पेशी लागतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले मज्जा-प्रत्यारोपण केले, ते एका मुलीला तिच्या भावाची मज्जा देऊन. सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक. ते न जुळल्यास दात्यांच्या नोंदवह्यांत शोध घ्यावा लागतो. हे जुळणे वंशपरंपरेने येत असल्याने आपल्या माणसांसाठी दाता आपल्यातच सापडण्याचा संभव अधिक, आणि तेथे आपली नावे तुरळक. परदेशी नोंदवहीतून पेशी मागविल्या, तर खर्च कितीतरी वाढतो.

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्याकडे रक्तदान शिबिर भरते. यंदा त्याच्या शेजारी दाता-नोंदणीचे एक टेबल मांडावे, असे आम्ही ठरविले आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरविला की नमुना मिळतो. सुई लागत नाही.