कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत

वैशाखातल्या दुपारी अर्धापूर ओलांडून कळमनुरी तालुक्यात शिरलं की दोन्ही अंगांनी काळी रानं भेगाळलेली दिसतात. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात, बाभळीच्या विरळ सावलीत गुरं माना खाली घालून उभी असतात. मग डोंगरकड्याच्या शिवारात केळीची बाग लागते, आणि दोन पावलांत ऋतू बदलतो. पानांतून झिरपणारा पोपटी उजेड, ओल्या मातीचा वास, पायाखाली कुजणाऱ्या पानांचा मऊपणा. या गारव्यात मला नेहमी दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक म्हणजे निखळ सुख. दुसरी म्हणजे हा गारवा इथला नाही, तो लांबून आलेला आहे, ही जाणीव.

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या रांगेत उगम पावते. वाशिमच्या माळरानांवरून वाहत ती विदर्भ आणि मराठवाड्याच्या शिवेवर येते आणि इसापूरच्या धरणात थांबते. तिथून कालव्याने निघालेलं पाणी या पट्ट्यातल्या शेतांत उतरतं. म्हणजे आषाढात बुलढाण्याच्या डोंगरावर पडलेली सर वैशाखात डोंगरकड्याच्या केळीच्या पोटात असते. पुढे तीच केळी ट्रकमध्ये बसून दिल्ली-पंजाबच्या बाजारात जातात. केळीच्या गरात तीन चतुर्थांश तर पाणीच. कोण्या डोंगरावरचा पाऊस कोण्या गावच्या लेकराच्या तोंडी लागतो! एवढा लांबचा प्रवास रोज घडतो आणि आपण त्याला फक्त भाव विचारतो.

केळीला आपण झाड म्हणतो, पण तिच्यात लाकूड नाही. एकमेकांवर गच्च बसलेले पानांचे देठ, हाच तिचा बुंधा. जन्मात एकदाच ती कमळ सोडते, एकच घड धरते. घड उतरला की तिचं काम संपलं. तोवर बुडाशी मुनवे, म्हणजे नवे कोंब, आलेले असतात. शेतकरी त्यांतला एक जोमदार मुनवा राखतो, बाकीचे छाटतो. न छाटले तर बागेचं बन होईल आणि एकालाही धड घड लागणार नाही. ही केळ बियांची नाही. माणसाच्या हाताशिवाय तिचा वंश फार लांब चालत नाही. आणि या भागातल्या माणसाचंही केळीशिवाय चालत नाही. लेकीचं लग्न, पोराचं शिक्षण, सावकाराचं देणं, सगळं त्या घडावर टांगलेलं. कमळाच्या जांभळ्या पाकळ्यांखाली शिंजीर येऊन मध पितो. फळ धरायला त्याची गरज नसते, तरी त्याचा वाटा कोणी अडवत नाही. बागेत वावरताना हे बघावं, फार बरं वाटतं.

आज टिश्यू कल्चरची जी-नाईन जिकडेतिकडे दिसते. एका रोपासारखं दुसरं, दुसऱ्यासारखं हजारावं. सगळे घड एकदम तयार होतात, व्यापाऱ्याला ते सोयीचं. पण विसाव्या शतकाच्या मध्यात मध्य अमेरिकेतल्या मैलोगणती बागा अशाच एका जातीच्या होत्या. ग्रो मिशेल तिचं नाव. मातीतल्या एका बुरशीने पनामा रोग पसरला आणि जगाच्या बाजारातून ती जात जवळजवळ उठली. त्याच रोगाचा नवा प्रकार आता बिहार, उत्तर प्रदेशात पोचला आहे आणि तो आपल्या जी-नाईनच्या कुळावरच चालून येतो. बांधावर चार देशी केळी, एखादं आंब्याचं झाड, तुरीची ओळ राखणारा शेतकरी मला म्हणूनच शहाणा वाटतो.

पण माझं मन अडकतं ते कालव्यापाशी. कालव्यावरच्या माणसांच्या तोंडी एक शब्द कायम असतो : टेल. कालव्याचं शेवटचं टोक. ‘टेलला पाणी आलंच नाही,’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही कालव्यावर ऐकू येतं. वरच्या अंगाला ऊस आणि केळी, खालच्या अंगाला कोरडी चारी. वरचा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे त्याची बाग सुकत असते, आणि खालचं शेत त्याला दिसत नाही.

1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी नेमकी हीच गाठ सोडवायला घेतली. त्यांच्या पाणीपंचायतीचा नियम साधा आणि कठोर होता : पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्ध्या एकरापुरतं, एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही पाण्यात हक्क. आणि उसासारख्या बारमाही तहानेच्या पिकांना त्या पाण्यात जागा नाही. डोंगरकड्यात हे सांगायला जीभ जड होते, कारण इथली केळीही त्याच पंगतीतली. मी केळीच्या विरोधात नाही. महालक्ष्म्यांपुढे, लग्नाच्या मांडवात जिचे खांब रोवल्याशिवाय आपलं चालत नाही, तिच्याशी माझं काय वैर? पण साळुंख्यांचा प्रश्न मला टाळता येत नाही. पाणी कोणाचं, हे सातबाऱ्यावरून ठरवायचं की तहानेवरून?

कालवा आटला की माणूस बोअरकडे वळतो. पण आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. त्याच्या पोटात तळी नाहीत. पाणी असतं ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या फटींत, तेवढंच. खोल जाणारा प्रत्येक बोअर शेजाऱ्याच्या विहिरीचीच फट शोधत जातो. आणि पायाखालचा हा खडक निश्चलही नाही. 21 मार्च 2024च्या पहाटे आणि पुन्हा 10 जुलैला हा सगळा भाग भूकंपाने हलला. दोन्ही धक्के 4.5 रिश्टरचे. पत्रे वाजले, माणसं लेकरं घेऊन अंगणात आली. त्या धक्क्यांचा आपल्या उपशाशी संबंध जोडायचं मला काही कारण नाही. पण ज्या खडकाला आपण गट नंबर देऊन नावावर करून घेतो, तो आपल्याआधीपासून आपल्या चालीने चालतो आहे, हे त्या सकाळी अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं असणार.

बदल होतो आहे, तो डोळ्यांनी दिसतो. मोकाट पाटपाण्याची जागा ठिबकने घेतली. घड उतरवल्यावर खोडं ओढ्यात फेकणारे किंवा वाळवून पेटवणारे होतेच, आता त्यांची कुट्टी करून सरीत पसरणारेही आहेत. त्या खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, पालाश असतं. ते मातीत परत गेलं की गांडुळं वर येतात आणि पुढच्या मुनव्याला खत-पाणी कमी लागतं. मात्र ठिबकने वाचवलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग वाढवली, तर टेलच्या माणसाला त्या बचतीचा थेंबही मिळत नाही.

नाशिक जिल्ह्यात ओझरच्या शेतकऱ्यांनी वाघाड धरणाचं पाणी पाणीवापर संस्था काढून स्वतः वाटून घ्यायला सुरुवात केली, त्याला तीस वर्षं उलटून गेली. 2005 साली राज्याने त्यासाठी कायदाही केला. इसापूरच्या कालव्यावर रब्बीची पाळी सुटेल तेव्हा पहिलं पाणी सगळ्यात शेवटच्या शेतात पोचावं आणि मग एकेक दार उघडत ते वर यावं, एवढं मला मनापासून हवं आहे. डोंगरकड्याच्या बागा त्यासाठी चार दिवस थांबू शकतात. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन असलं, तर त्या सुकायच्याही नाहीत.