देवघेव विभागातली टिपणे

१.
१८४८. पुण्यात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली. पुढाकार घेणाऱ्यांत लोकहितवादी होते. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच.
त्याच साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली.

२.
मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली. मातंग समाजातली, वय चौदा. तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेत पाहुण्यांनी खाऊ देऊ केला तेव्हा तिने खाऊ नको, वाचनालय द्या, असे म्हटल्याचे सांगतात.
वाचनालयाच्या कर्मचाऱ्यांचे कोणतेही प्रशिक्षण या मागणीपासून सुरू करता येईल.

३.
विश्रामबागवाडा. १८२१ साली इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. प्रवेश फक्त ब्राह्मण मुलांना. पुढे याच वाड्यात शासकीय ग्रंथालय आले आणि कोणीही आत येऊन पुस्तक मागू लागले.
 नियम बदलावा लागला.

४.
एका वाचनालयाचा काउंटर, सकाळची वेळ. पुढे दोघे उभे.
‘या सर, बसा. काय देऊ?’
‘काय गं, कुणाचं पुस्तक परत करायचंय?’
दुसरा प्रश्न जिला विचारला, ती बाई स्वतःसाठी सभासद व्हायला आली होती.

५.
संविधानाचे कलम १५ (२). दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे त्यात स्पष्ट लिहिली आहेत. वाचनालयाचे नाव नाही. ते ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ या शब्दांत येते.
राबता कोणाचा आहे, ते आवक-जावक वहीत दिसत नाही. संध्याकाळी अर्धा तास दाराशी उभे राहिले की दिसते.

६.
ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गात भर असतो तो वर्गीकरण, तालिकीकरण आणि ग्रंथालय व्यवस्थापन यांवर. हे सगळे लागतेच. वर्गांक चुकला तर पुस्तक हरवते.
वाचक कसा हरवतो, यावरही एक तास हवा.

७.
सभासदत्वाच्या एका अर्जावर रकाना पाहिला: ‘ओळख देणाऱ्या सभासदाचे नाव व सही.’
ज्या वस्तीत आजवर एकही सभासद नाही, तिथला पहिला माणूस ही सही कोणाकडून आणणार?
रकाना कोणीतरी कधीतरी पुस्तके बुडू नयेत म्हणून घातला असेल. हेतू चांगला. परिणाम असा की वस्ती बाहेरच राहिली.

८.
महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७. या कायद्यात ग्रंथालय उपकर नाही. लोकांच्या संस्थांनी वाचनालय चालवायचे, सरकारने अनुदान द्यायचे, अशी रचना. मान्यताप्राप्त वाचनालयांचे वर्ग अ, ब, क, ड.
२०२२–२३ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली. ‘ड’ वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते, ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला ४ हजार. यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि ग्रंथपालाचा मोबदला.

९.
‘ड’ वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच माणूस असतो. तो प्रशिक्षणाला गेला की त्या दिवशी वाचनालयाला कुलूप.
समतेचे प्रशिक्षण घ्या, असे त्याला सांगण्याआधी त्याच्या जागी त्या दिवशी कोण बसेल आणि त्याचे एसटीचे भाडे कोण देईल, हे सांगायला हवे. ज्याला स्वतःला न्याय्य मोबदला मिळत नाही, त्याच्याकडून आपण दुसऱ्यांसाठी न्याय मागतो आहोत. दोन्ही मागण्या एकाच कागदावर लिहाव्यात.

१०.
बडोदा, १९१०. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. १९११ मध्ये ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. शहरात स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली.
१९१३ मध्ये त्याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला परतले, तर त्यांना राहायला खोली मिळेना. जी मिळाली, तिथून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढले.
राजाचा हुकूम आणि शहराची वागणूक, दोन्ही एकाच गावात.

११.
प्रशिक्षणाला ग्रंथपाल आले, सहायक ग्रंथपाल आले, निर्गम सहायकही आले. शिपाईमामा आले नव्हते. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.
दारात पहिला प्रश्न तेच विचारतात: ‘काय काम आहे?’

१२.
२० मार्च १९२७, महाड. माणसे तळ्याकडे चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली.
२१ ऑगस्ट १९३९, अमेरिकेतले अलेक्झांड्रिया शहर. पाच कृष्णवर्णीय तरुणांनी सार्वजनिक वाचनालयात सभासद-कार्ड मागितले. नाकारल्यावर प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक घेतले, वेगवेगळ्या टेबलांशी बसून वाचायला सुरुवात केली. पोलिसांनी पाचही जणांना अटक केली. बेत आखणारे वकील सॅम्युअल टकर त्याच शहरातले.

१३.
ड्यूई दशांश वर्गीकरण, १८७६. धर्मासाठी २०० हा वर्ग. त्यात २२० पासून २८९ पर्यंत बायबल आणि ख्रिस्ती धर्म. बाकीच्या जगाला २९०. बौद्ध २९४.३, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. पुण्यातला ग्रंथपालही हे आकडे पाठ करतो.
मेल्विल ड्यूईंचा वंशद्वेष, ज्यूद्वेष आणि स्त्रियांशी असलेले गैरवर्तन लक्षात घेऊन अमेरिकन ग्रंथालय संघाने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढायचे ठरवले. वर्गांक राहिले.
आकडे शिकवताना ते कोणी, कुठे बसून, कोणाला मध्यभागी ठेवून आखले, हेही सांगावे. पाच मिनिटे पुरतात.

१४.
एका वाचनालयात ‘दलित साहित्य’ अशी चिठ्ठी लावलेले कपाट. आत ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘जिणं आमुचं’, ‘आयदान’ ही आत्मकथने. ‘स्मृतिचित्रे’ मात्र पलीकडे, ‘आत्मचरित्रे’ या कपाटात.
तिथल्या निर्गम सहायक बाईंनी ‘आयदान’ची दुसरी प्रत ‘आत्मचरित्रे’मध्ये नेऊन ठेवली. पहिली होती तिथेच राहू दिली, कारण ते कपाट शोधत येणारे विद्यार्थीही आहेत.
‘इथे ठेवल्यावर न्यायला लागले,’ एवढेच त्या म्हणाल्या.
प्रशिक्षणात शिकवणारी म्हणून या बाईंना बोलवायला हवे.

१५.
काचेची कपाटे, कुलपे, चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून मागायची पद्धत. ज्याला नाव माहीत आहे त्याला पुस्तक मिळते. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठीच तर वाचनालय असते.
मुक्तद्वार केले की पुस्तके चोरीला जातात, असे सांगतात. थोडी जातात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी हा धोका ओळखूनही मुक्तद्वाराची बाजू घेतली. त्यांची पंचसूत्री १९३१ सालची. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे त्यातले दुसरे सूत्र.

१६.
२०१२: प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती. दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची ब्रेल किंवा ध्वनिरूप प्रत करायला वाट मोकळी.
२०१४: याच कारणासाठीचा माराकेश करार मान्य करणारा भारत जगातला पहिला देश.
२०१६: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू.
पण वाचनालय पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
जिना बदलायला पैसे लागतील, वेळ लागेल. ‘सुगम्य पुस्तकालया’त वाचकाची नोंदणी कशी करायची, हे कर्मचाऱ्याला एका दुपारी शिकवता येते. ते आधी करू.

१७.
सदाशिव पेठेतली एक अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची मुले-मुली, बीड, हिंगोली, नांदेड, यवतमाळकडची. रात्री अकरापर्यंत दिवे सुरू. मुलींच्या खुर्च्या साडेआठपासून रिकाम्या होऊ लागतात, कारण वसतिगृहाचे दार बंद होते आणि मेस उरकते.
फी सारखी. तास सारखे नाहीत.
व्यवस्थापकांनी पहाटे पाचला उघडायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या रांगेत मुलीच होत्या.

१८.
घरकाम करणाऱ्या बायकांचा मोकळा वेळ साधारण दुपारी दोन ते चार. बऱ्याच वाचनालयांचा बंद असण्याचा वेळही तोच.

१९.
कार्ड यजमानांच्या नावावर. पुस्तके वाचणारी त्यांची पत्नी. सत्कार सर्वाधिक पुस्तके नेणाऱ्या सभासदाचा, पुष्पगुच्छ यजमानांना.

२०.
सोसायटीचा रखवालदार नेपाळचा. बांधकामावरचे मजूर बिहारचे, लमाण तांड्यांवरचे, कर्नाटकच्या सीमेवरचे. कॅम्पात उर्दू वाचणारी घरे आहेत. वाचनालयाच्या टेबलावर मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रे.
रखवालदाराने हिंदी पेपर आहे का विचारले. काउंटरवरच्या तरुणाने ‘नाही’ म्हटले आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवले: हिंदी दैनिक, मागणी एक.
अशी वही प्रत्येक काउंटरवर असावी. न मिळालेल्या पुस्तकांची आणि परत गेलेल्या वाचकांची.

२१.
कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत पालकनीती परिवाराचे खेळघर अनेक वर्षे चालते. मुले जमिनीवर बसतात, पुस्तके हाताळतात, मोठ्याने वाचतात, भांडतात. ‘शांतता राखा’ अशी पाटी इथे उपयोगाची नाही. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाचा लायब्ररी एज्युकेटर्स कोर्सही मुलांबरोबर पुस्तक कसे उघडायचे, यावर भर देतो.
प्रशिक्षणाचे दोन दिवस सभागृहात ठेवण्यापेक्षा एक दिवस अशा जागी ठेवावा. सतरंजीवर बसून.

२२.
डॉ. आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने होणारा ‘अठरा तास अभ्यास’. विद्यार्थी सकाळी बसतात ते मध्यरात्रीपर्यंत. ग्रंथालयाचा कर्मचारीही तितकाच वेळ जागा. रात्री दहा वाजता त्याने स्वतःच्या डब्यातली पोळी शेजारच्या मुलाला दिली आणि परत काउंटरवर जाऊन बसला.
याचे प्रशिक्षण कोणी दिलेले नव्हते. ज्यांच्यात हे आहे त्यांना ओळखून पुढे आणणे, हेही व्यावसायिक विकासाचेच काम आहे.

२३.
प्रशिक्षणात विचारले: ‘तुमच्या वाचनालयात भेदभाव होतो का?’ सगळे हात खाली.
मग विचारले: ‘गेल्या वर्षात तुमच्या जवळच्या वस्तीतून किती नवे सभासद झाले?’ आता लोक वहीत बघू लागले. काहींनी दाखल नोंदवही मागवायला फोन केला.
दुसरा प्रश्न कोणावर आरोप करत नाही. म्हणून त्याला उत्तर मिळते.

२४.
शिक्षकाला सेवांतर्गत प्रशिक्षण आहे. अंगणवाडीताईंना आहे. वर्षानुवर्षे गावाला पुस्तके देणाऱ्या माणसाने एकदा प्रमाणपत्र मिळवले की त्याचे शिक्षण संपले, असे आपण धरून चालतो.

२५.
तृतीयपंथी वाचक आली. अर्जावर दोनच चौकोन. ग्रंथपाल मॅडमनी पेनने तिसरा काढला, बाजूला सही केली आणि पुढच्या छपाईसाठी नमुना बदलून घेतला. समितीच्या बैठकीत विषय आला तेव्हा त्यांनी तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याची प्रत पुढे ठेवली. चर्चा पाच मिनिटांत संपली.
कायद्याची प्रत जवळ असणे हेही कौशल्य आहे.

२६.
एखाद्या कर्मचाऱ्याचे उद्धट बोलणे दिसले की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो. त्याच काउंटरवर तो सकाळ-संध्याकाळ एकटाच बसलेला असतो, नोकरी कायम नसते, समितीतले कोणीही येऊन त्याला चार लोकांत बोलून जाते. त्याला बसायला धड खुर्ची आणि बोलायला कोणी आहे का, हे आधी विचारावे. मग प्रशिक्षण.

२७.
वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्च मांडला जातो. ग्रंथखरेदी, नियतकालिके, बांधणी, वीज, दुरुस्ती, व्याख्यानमाला. ‘कर्मचारी प्रशिक्षण’ असा रकाना नसेल तर एका सभासदाने उठून तो मागावा. दुसऱ्याने अनुमोदन द्यावे.
ठरावात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रशिक्षणाच्या दिवसाचा पगार कापायचा नाही, शिपायांनाही पाठवायचे, आणि परतल्यावर अर्जाच्या नमुन्यात, वेळेत किंवा कपाटात काय बदलले ते पुढच्या सभेत वाचून दाखवायचे.