अब्बांची नळी

घोटावड्यातील आमच्या घरामागे दीड गुंठा मोकळी जागा होती. आता त्यातली जवळजवळ निम्मी उरली आहे. हा निर्णय घ्यायला आम्हाला दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात जे शिकायला मिळाले, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

ही परसबाग अब्बांची. नोकरी संपल्यावर त्यांनी त्या मुरमाड जागेतले दगड वेचले, शेणखत आणून टाकले, पेरू, कढीपत्ता आणि शेवगा लावला. उरलेल्या जागेत हंगामाप्रमाणे भाजी असे. आम्ही दोघेही शिक्षक. शाळेतून दमून यायचो, वह्या तपासत बसायचो. बाग हे अब्बांचे काम, असेच आम्ही धरून चाललो होतो. आमच्या वाट्याला फक्त ताजी भाजी यायची.

मुळशीचा पाऊस थोडाथोडका नसतो. म्हणून मृगाच्या आधीच अब्बा वीतभर उंचीचे गादीवाफे करून ठेवत. सपाट वाफ्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात, हे ते प्रत्येक वर्षी नव्याने सांगत. वाफ्यांवर काकडी, दोडका, घेवडा. कोवळ्या रोपांवर गोगलगायी तुटून पडत. मग ईशाची नमाज झाली की दोन्ही मुले बॅटरी घेऊन बाहेर पडत आणि गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा. कोथिंबिरीसाठी धने आधी चपलेखाली हलके रगडून फोडायचे, हे काम धाकट्याचे. थंडीत वालावर मावा पडला की अम्मी लिंबोळ्या कुटून द्यायच्या. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कूट, रात्रभर भिजवायचे, फडक्यातून गाळून संध्याकाळी फवारायचे. उन्हाळ्यात पालापाचोळ्याने वाफे झाकून ठेवायचे आणि उरलेले पाणी जपून झाडांना द्यायचे.

बागेचे वर्ष सूर्यावर चालते आणि आपले रमजान-ईद चंद्रावर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली पहिला रोजा ७ जूनला, अगदी मृगाच्या तोंडावर आला होता. तेव्हा इफ्तारीला आमच्याकडे फक्त आंबे होते. २०२५ साली तो मार्चमध्ये आला. अब्बा मुलांना सांगत, "तेहतीस वर्षं जगलात, तर प्रत्येक भाजीबरोबर रोजा सोडाल."

२०२३ च्या पावसाळ्यात अब्बा अल्लाहला प्यारे झाले. त्या वर्षी घेवडा मांडवावरच वाळला. पुढच्या पावसात गवत कमरेइतके वाढले. अम्मींनी मागचे दार उघडणेच सोडून दिले. शेजारच्या मावशी दोनदा बी घेऊन आल्या. आम्ही ते घेतले आणि डब्यात ठेवून दिले.

मग धाकट्या दिरांनी विषय काढला. पिरंगुट आणि घोटावडे फाट्याकडच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्यांना भाड्याच्या खोल्या लागतातच. "भाभी, मागे गवतच वाढतंय ना? चार खोल्या काढू. दर महिन्याला हातात पैसा येईल." मोठी मुलगी बारावीत होती. तिला नर्सिंगला जायचे होते आणि फीचा आकडा आम्हाला झोपू देत नव्हता. खरे सांगायचे तर आम्हालाही खोल्या हव्याच होत्या. फक्त अम्मींना विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी विचारले, तर त्या नुसत्या तसबीह फिरवत राहिल्या. महिने गेले. दिरांचा फोन आला की आम्ही दोघे एकमेकांवर चिडायचो.

२०२५ च्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारीच्या चटणीसाठी पुदिना हवा होता. बाजारातून आणलेली जुडी काळी पडलेली निघाली. अम्मी काही न बोलता उठल्या आणि मागचे दार उघडून बाहेर गेल्या. बराच वेळ झाला, म्हणून आम्ही मागोमाग गेलो. गवत सगळे वाळून गेले होते, पण भिंतीलगत हातभर जागेत पुदिना हिरवागार, दाट वाढलेला होता. अम्मी त्याच्याजवळ बसल्या होत्या.

त्याला दीड वर्षात कोणीही मुद्दाम पाणी घातले नव्हते. मोरीशेजारी आमची वजू करायची जागा आहे. तिथले पाणी साबणाच्या पाण्यात मिसळू नये, म्हणून अब्बांनी वेगळी नळी काढून बाहेर सोडली होती. ते आम्ही विसरूनही गेलो होतो. घरातले सगळे रोज वजू करत होते आणि पुदिना जगत होता.

त्या संध्याकाळी अम्मी अब्बांबद्दल खूप बोलल्या. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरहूनही थोड्या कमी पाण्यात वजू करत, हे अब्बा नेहमी सांगायचे. धाकट्याने लगेच नळाखाली बादली ठेवून मोजले. नळ सोडून केलेल्या वजूला साडेपाच लिटर लागले, लोट्याने सव्वा लिटर. तेव्हापासून घरात लोटा आला. "पाणी कमी झालं तर पुदिना मरेल की," धाकटा म्हणाला. अम्मी कितीतरी दिवसांनी हसल्या. घरातल्या सगळ्यांचे मिळून आजही दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी जाते. पुदिन्याला तेवढे खूप झाले.

ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मींनी दिरांना स्वतः बोलावून घेतले. म्हणाल्या, "खोल्या बांधा. पोरीचं शिक्षणही तुमच्या अब्बांचंच काम आहे. पण चार नाही, दोन बांधा. आणि ती नळी तोडू नका."

शेवगा तोडावा लागला. तो पडला तेव्हा आम्ही कोणी बाहेर गेलो नाही. पेरू आणि कढीपत्ता वाचले. मुलगी नर्सिंगला गेली, तिच्या फीचा मोठा भाग भाड्यातून निघतो. एका खोलीत बीडकडचे एक जोडपे राहते. त्यातल्या ताईंनी महिन्याभरातच विचारले, "थोडी मेथी टाकू का?" आता तांदूळ धुतलेले पाणी त्या वाफ्याला घालतात आणि जुडी आमच्या स्वयंपाकघरातही येते.

कोणी झाड लावले आणि त्यातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, असे हदीसमध्ये आहे. हे आम्ही कित्येक वेळा ऐकले होते. पण अब्बांच्या पुदिन्याची चटणी खाताना ते समजले.

आता पुन्हा मृग जवळ आला आहे. दोन गादीवाफे आम्ही स्वतः केले. पहिला वाकडा झाला, पाठ दोन दिवस धरली. डब्यातले मावशींचे जुने बी ओल्या फडक्यात बांधून पाहिले, तर दहापैकी सहा दाणे उगवले. काल वसतिगृहातून मुलीचा फोन आला. अभ्यासाचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "अम्मी, घेवडा टाकला का?"

टाकला, बेटा. दुआ कर.