गुडमारचं पान

पचमढीच्या पोस्टिंगमधली गोष्ट. सकाळी पळून परतताना जडीबुटी विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने हातावर हिरवं पान ठेवलं. "चबाइए, साहब." कडवट लागलं. मग त्याने चिमूटभर साखर दिली. जिभेवर वाळू घातल्यासारखं वाटलं. गोडवा गायब! हेच गुडमार, आपली मधुनाशिनी. तिच्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेची गोड ओळखण्याची शक्ती काही वेळ अडवून धरतात.

मला वाटलं, जिभेवरची साखर मारणारं पान रक्तातली का मारणार नाही? लगेच आमच्या पलटणीतल्या निवृत्त सुभेदारसाहेबांना सातारा जिल्ह्यात अर्काच्या चार बाटल्या पाठवल्या. अकादमीतून कोवळा लेफ्टनंट होऊन आलो, तेव्हा डोंगरात पाय कसा टाकायचा हे त्यांनीच शिकवलं होतं.

चार महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. पायाला जखम झाली होती, पण त्यांना ती कळलीच नव्हती. मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी, दोन्ही बंद. मागच्या तीन महिन्यांचा हिशोब सांगणारं एचबीए१सी ७.२ वरून १०.१ वर गेलेलं. सुदैवाने पाय वाचला.

भेटायला गेलो, तर म्हणाले, "साहेब, तुम्ही पाठवलं म्हणून डोळे झाकून घेतलं."

त्यानंतर मी वाचायला बसलो. गुडमारने साखर थोडी उतरते असं छोटे अभ्यास सांगतात, पण गोळीची जागा घेण्याइतका पुरावा नाही. गुग्गुळाचं कोलेस्टेरॉलसाठी मोठं नाव. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत मात्र त्याच्या अर्काने एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं. गंमत म्हणजे त्यांनी सोडलेल्या मेटफॉर्मिनचं मूळही गलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. फरक इतकाच की ही गोळी १९५७ पासून रुग्णांवर तपासली गेली आहे आणि तिची मात्रा ठरलेली आहे. बाटलीतल्या अर्काची ताकद दर वेळी सारखी असेलच असं नाही.

माजी सैनिक बांधवांनो, अर्क घ्यायचाच असेल तर आधी ईसीएचएसच्या डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतःहून सोडू नका. साखर उतरवणारी गोळी आणि अर्क एकत्र झाले, तर साखर नको तितकी खाली जाऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात. आणि रोज रात्री तळपाय बघा.

आम्हा अधिकाऱ्यांसाठीही एक गोष्ट. पलटणीत आपला शब्द हुकूम मानला जातो, निवृत्तीनंतरसुद्धा. ज्या विषयातलं कळत नाही, तिथे तो जपून वापरावा.