आरी

परभणी जिल्ह्याची भूमी काळी आणि कसदार आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत ज्वारी आणि कापूस पिकतो. पीक पाहून आपण शेतकऱ्याचे कौतुक करतो, आणि ते योग्यच होय. परंतु पूर्वीच्या काळी या शेतीमागे गावातील आणखी कितीतरी हात राबत असत. लोहाराने फाळ द्यावा, सुताराने तिफण घडवावी आणि चर्मकाराने मोट शिवावी, तेव्हा कोठे शेत भिजे आणि पिके. ती मोट शिवताना चामड्याला जे भोक पाडावे लागे, ते पाडणारे अवजार जेमतेम वीतभर लांबीचे असे. त्याचे नाव आरी.

आरी दिसायला अगदी साधी असते. लाकडाची एक मूठ आणि तिच्यात बसवलेली टोकदार पोलादी सळई, एवढेच तिचे रूप. पण हे अवजार फार प्राचीन आहे. युरोपातील आल्प्स पर्वताच्या बर्फात १९९१ साली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्या कमरेच्या थैलीत इतर वस्तूंबरोबर हाडाची एक आरीही होती! माणसाला कातडे पांघरण्याची गरज भासली, तेव्हापासून ते सांधण्याचीही गरज भासली असली पाहिजे.

चामडे म्हणजे बारीक तंतूंची दाट गुंफण असते. धारदार पात्याने भोक पाडले तर तंतू तुटतात आणि ताण पडताच ती जागा फाटते. आरीचे निमुळते टोक मात्र तंतूंना बाजूला सारीत आत शिरते. दोरा ओवला गेला की ते तंतू पुन्हा जवळ येतात आणि दोऱ्याला घट्ट धरून ठेवतात. काही आऱ्यांच्या टोकाजवळ एक लहानशी खाच असते. आरी चामड्याच्या पलीकडे जाते, खालच्या हाताने दोरा त्या खाचेत अडकवला जातो आणि आरी परत येताना दोऱ्याचा फास वर घेऊन येते. त्या फासातून दुसरे टोक ओवून दोन्ही टोके ओढली, की टाका पक्का बसतो.

बाजारात आयत्या आऱ्या मिळतात. तरी कित्येक जुने कारागीर आपली आरी आपणच घडवतात. त्यासाठी छत्रीची मोडकी काडी, सायकलच्या चाकाचा आरा किंवा जुने दाभण, असे काहीही चालते. मात्र ते पोलाद असले पाहिजे. साध्या मऊ लोखंडाला पाणी चढत नाही. प्रथम सळई तापवून लाल करायची आणि राखेत पुरून सावकाश निवू द्यायची. त्यामुळे ती मऊ होते आणि कानशीला दाद देते. मग टोक निमुळते करायचे आणि खाच कोरायची. खाचेच्या कडा अगदी गुळगुळीत हव्यात. नाहीतर त्या दोराच कापून टाकतील.

यानंतर खरी कसोटी असते. सळई पुन्हा लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवतात. चर्र असा आवाज होतो आणि ती काचेसारखी कठीण होते; पण काचेसारखीच ठिसूळही होते. म्हणून ती घासून चकचकीत करायची आणि मंद आचेवर परत धरायची. आता कारागिराची दृष्टी सळईवर खिळून राहते. तिच्यावर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. नेमका हवा तो रंग आला, की तिला तत्काळ थंड करायचे. क्षणभर आधी थांबले तर आरी मोडेल. क्षणभर उशीर झाला तर ती वाकेल. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. 'पाणीदार' हा सुंदर शब्द आपण माणसालाही लावतो. त्याचा अर्थ अशा भट्टीपाशी नीट समजतो.

मूठ बहुधा चिवट लाकडाची करतात. परभणीकडे बाभूळ मुबलक. तिचे लाकूड मुठीला येते आणि तिची साल कातडे कमावण्याच्या उपयोगी पडते. मूठ तडकू नये म्हणून तिच्या तोंडाशी धातूची वसवी ठोकतात. तळहातात टेकणारा भाग पुनःपुन्हा हातात धरून पाहत गोलसर घासतात.

"आजोबा, बाजारात आरी मिळते, मग एवढी खटपट कशाला?" असे एखादा नातू विचारतो.

"बाजारची आरी कुणाच्याही हातासाठी केलेली असते रे बाळा," आजोबा म्हणतात. "हा तळहात माझा आहे. मूठ त्याच्या मापाची नको का? दिवसभरात शेकडो वेळा दाबायची आहे ती!"

अशाच हातांनी मोटा शिवल्या. टाका जरा सैल पडला, तर अर्धे पाणी विहिरीतच गळून जाई आणि बैलांचे कष्ट वाया जात. अशा टाक्यांवर गावाचे पीक अवलंबून होते. आणि तरीही ते टाके घालणाऱ्याचे घर गावाने वेशीबाहेर ठेवले! त्याने शिवलेले जोडे पायांत घालायचे आणि त्याच्या हाताचे पाणी मात्र वर्ज्य मानायचे, असा हा अन्याय शतकानुशतके चालला. चर्मकाम करीत भक्तीची थोरवी सांगणारे काशीचे संत रोहिदास अवघ्या देशाला वंदनीय झाले. पण त्यांच्याच व्यवसायातील माणसाला समतेची वागणूक मिळाली नाही. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याने आपले काम केले. मनातून ती पुसून टाकण्याचे काम प्रत्येक पिढीने आपापल्या परीने करायचे आहे.

आरीची आणखी एक कथा फ्रान्समधील आहे. पॅरिसजवळच्या कूव्रे गावी खोगिरे आणि घोड्यांचा साज बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी १८०९ साली लुई ब्रेलचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळता खेळता एक टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात गेले. ते आरीच होते असे सांगतात. जखम चिघळली आणि दोन्ही डोळे गेले. पुढे पंधरा वर्षांचा असताना, १८२४ च्या सुमारास, त्याने सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. त्या लिपीचे ठिपके कागदावर उमटवायलाही आरीसारखीच टोकदार लहान सळई लागते. आज मराठी पुस्तकेसुद्धा त्या ठिपक्यांवर बोटे फिरवून वाचली जातात. ज्या टोकाने दृष्टी नेली, तसल्याच टोकाने अक्षरांची वाट मोकळी केली!

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिने आणि विजेचे पंप आले आणि विहिरीवरची मोट दिसेनाशी झाली. जोडेही कारखान्यांत बनू लागले. तरी रस्त्याच्या कडेला, झाडाच्या सावलीत, एखादा चर्मकार आरी हातात घेऊन बसलेला आजही दिसतो. शाळेत जाताना चपलेचा अंगठा तुटला, की आपण त्याच्यापुढे जाऊन उभे राहतो. तो दोऱ्याला मेण लावतो, आरी घालतो, चार टाके घेतो आणि चपल आपल्यापुढे ठेवतो. त्या वेळी पैसे देऊन लगबगीने निघून न जाता क्षणभर त्याची आरी पाहावी. तिची मूठ वर्षानुवर्षांच्या घामाने काळी आणि तुळतुळीत झालेली असते. ती कशी घडवली, हे त्याला आदराने विचारावे. पुस्तकात न सापडणारी विद्या त्याच्याजवळ असते. आणि विचारणारे कोणी उरले नाही, तर ती त्याच्याबरोबरच संपून जाईल.