तिसरी डिस्क

डबी उघडली, तर आत तिसरीच डिस्क. पहिल्या दोन गायब. 'लगान' कुठे गेला ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. 'लगान' कसा केला, तेवढं शिल्लक होतं.

मस्कतजवळ सीबच्या हेल भागातल्या एका मराठी कुटुंबाचं फायनल एक्झिट होतं. मुलं इथल्या शाळेत शिकून मोठी झाली, कोथरूडचा फ्लॅट तयार झाला, आता निघायचं. अशा वेळी सीबमध्ये जे सगळ्यांचं होतं तेच झालं. ओळखीपाळखीच्यांना बोलावणं, हॉलमध्ये मांडून ठेवलेलं सामान. मोठ्या वस्तू आधी जातात: फ्रिज, वॉशिंग मशीन, स्प्लिट एसी. मग पुरणयंत्र, मग तुळशीची कुंडी. पुस्तकांनाही कुणीतरी दयाळू भेटतो. शेवटी उरतात डिस्का. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण त्या लावायच्या कशावर?

"न्या हो वहिनी, नाहीतर उद्या बलदियाच्या कचराडब्यात जाणार," काकू म्हणाल्या. मी खोकं उचललं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गाडीची डिकी उघडली.

आमच्या वयाच्या आखाती मराठी माणसाचा सिनेमा सुटकेसमधून आला. लोणच्याची बरणी मधोमध, तिच्याभोवती साड्या आणि साड्यांच्या घडीत दादरला घेतलेल्या व्हीसीडी. एका व्हीसीडीवर साधारण 74 मिनिटं मावत, म्हणजे मराठी चित्रपटाला दोन डिस्का आणि लांबलचक हिंदीला तीन. दिग्दर्शकाने मध्यंतर कुठेही ठेवलेलं असो, आमचं मध्यंतर डिस्क ठरवायची. नायिका दार उघडायला उठली की पडदा निळा. मग कुणीतरी दुसरी डिस्क लावायला उठणार, आणि उठलाच आहेस तर चहा टाक. 2013 पर्यंत ओमानची साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, त्यामुळे सिनेमाची रात्र बुधवारची. सुट्टी एक दिवस पुढे सरकली त्याला किती काळ लोटला, तरी बुधवारी संध्याकाळी मला अजून उगाचच मोकळं वाटतं.

त्या व्हीसीडींवर बोनस नावाचा प्रकार नव्हता. होत्या त्या कंपनीच्या पुढच्या चित्रपटांच्या जाहिराती, त्याही पुढे ढकलता न येणाऱ्या, आणि पडद्याच्या कोपऱ्यात सबंध वेळ लुकलुकणारा शिक्का. 2007 साली मोझर बेअरने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर सुटकेसची एक बाजू नुसत्या डिस्कांनी भरायला लागली. स्वस्ताई झाली, पण त्या चपट्या पाकिटात सिनेमाखेरीज काही नसायचं. मला राग यायचा. चार पूर्णांक सात गीगाबाइटची डिस्क, त्यात दोन तासांचा चित्रपट. उरलेल्या जागेत दिग्दर्शकाला दहा मिनिटं बसवून बोलतं केलं असतं, तर काय बिघडलं असतं?

डीव्हीडीवाल्यांनी जगाची जी वाटणी केली होती तीही गमतीची. भारत पाचव्या विभागात. ओमान दुसऱ्यात, जपान आणि युरोपच्या पंगतीला. मुंबईहून तीन तासांच्या आत मस्कतला उतरणारा माणूस पाचव्या विभागातून दुसऱ्यात जातो, हे विमान कंपन्यांनाही माहीत नसेल. सुदैवाने आपल्याकडच्या बहुतेक डिस्का कुठेही चालणाऱ्या असत. आपल्या लोकांना कुलपं लावायचा कंटाळा, त्याचा असा फायदा.

बोनसची खरी सुरुवात लेझरडिस्कवर झाली. 1984 साली अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने जुना 'किंग काँग' काढला. त्या थाळीएवढ्या डिस्कवर आवाजासाठी एक वाट मोकळी होती. तिथे रोनल्ड हेव्हर नावाच्या चित्रपट-अभ्यासकाला बसवलं आणि चित्रपट चालू असताना तो बोलत राहिला: हे दृश्य असं घेतलं, ते माकड एवढंसं होतं. तोवर सिनेमा बघताना बोलणाऱ्याला शेजारचे गप्प करायचे. आता त्याला पैसे मिळायला लागले. सगळ्या बोनसांत मला ही कॉमेंट्रीच सगळ्यात आवडते, त्यातही बोलणारा थोडा कंटाळलेला असेल तर फारच. दीड तास सलग बोलायचं म्हटलं की दुसऱ्या अर्ध्या तासात स्तुती संपते आणि माणूस खरं बोलायला लागतो: पाऊस खोटा होता, नट तापाने फणफणलेला होता, ह्या खिडकीचे पैसे अजून द्यायचे आहेत.

मराठीत हे फारसं झालं नाही. आपल्याकडे 'मेकिंग' म्हणून जे असतं, त्यात प्रत्येकजण खुर्चीत बसून सांगतो की खूप धमाल आली, सर फार शांत असतात आणि सेटवर आम्ही एक कुटुंबच होतो. ज्यांनी कुटुंबं पाहिली आहेत त्यांना ह्या वाक्याने काय कळायचं?

तर ती तिसरी डिस्क. तिच्यावर आहे 'चले चलो', सत्यजित भटकळांनी केलेला अडीच तासांचा माहितीपट. तो 2004 मध्ये चित्रपटगृहातही लागला होता, मग 2007 च्या तीन डिस्कांच्या संचात आला. भटकळांनी ह्याच विषयावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं, ते पॉप्युलर प्रकाशनाने काढलं. 'लगान' हिंदी खरा, पण पडद्यामागे गेलं की मराठी नावं निघत जातात. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर. सिनेमातलं चंपानेर गाव उभं करणारे नितीन देसाई. कपडे कोल्हापूरच्या भानू अथैयांचे. आवाज नकुल कामटे यांचा, तोही जागेवरच टिपलेला, म्हणजे मैदानात जमाव कितीही असो, कॅमेरा सुरू झाला की सगळ्यांनी चिडीचूप. मधेच गोवारीकरांची पाठ धरली, स्लिप डिस्क झाली, तर त्यांनी सेटवर खाट टाकून घेतली आणि आडवं पडून दिग्दर्शन केलं. कुटुंब बिटुंब काही नाही. उन्हात टेकीला आलेली माणसं.

तो संच आला तेव्हा आम्ही सीबच्या सूकमागे एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. खाली घरमालक, त्याची बायको-मुलं आणि त्याची म्हातारी आई. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि पहाटे सुरमई, बांगडे घेऊन येणाऱ्या गाड्यांचे आवाज. आजीला हिंदी सिनेमाचं वेड. 'लगान' तिने आमच्याच घरी पाहिला होता. त्या डीव्हीडीला अरबी सबटायटल्स होती, पण आजीला वाचता येत नव्हतं. तिचा नातू, नऊ-दहा वर्षांचा, पुढ्यात बसून खालची ओळ मोठ्याने वाचायचा. एखादी ओळ लांब असली की पोराची तारांबळ उडे, आणि आमिर खान पुढच्या वाक्याला पोचला तरी हा मागच्यावरच. आजीचं काही अडत नव्हतं. ती बरीचशी हिंदी कळत असूनही वाचून घ्यायची. मला वाटतं, नातवाचा आवाज ऐकायला.

'चले चलो' आला तेव्हा मी तिला वर बोलावलं. सिनेमा नाही, सिनेमा कसा केला ते आहे, असं सांगितलं. तिने येताना कहव्याचा थर्मास आणि खजुराची ताटली आणली, कारण रिकाम्या हाताने वर यायचं नाही हा तिचा नियम. खाली गालिचावर बसली. मी लहान फिंजान पुढे केले. पडद्यावर ट्रक, दोऱ्या, छत्र्या, धूळ. पहिली वीस मिनिटं तिला काहीच पटलं नाही. "राजा कहां?" असं दोनदा विचारून झालं.

मग कुणीतरी भुज म्हणालं. कच्छ म्हणालं. कुनरिया म्हणून गाव आहे, त्याच्या शेजारी हे चंपानेर उभं केलंय म्हणालं.

आजी ताठ बसली. "कच्छ?" तिने नातवाला विचारलं. मग माझ्याकडे वळून, "मांडवी?"

मी म्हटलं, हो, मांडवी तिथूनच जवळ.

"मेरा बाप जाता था. बोट में. खजूर ले के."

सीबच्या किनाऱ्यावरून कच्छ म्हणजे पूर्वी शेजारच. मांडवीचे भाटिया व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या मस्कतला पेढ्या चालवत आले. खिमजी रामदास ही तिथलीच, 1870 ची पेढी. इथून खजूर आणि सुकी मासळी जायची, तिकडून तांदूळ, कापड, लाकूड यायचं. हे सगळं मी वाचलेलं. आजी मात्र मला तिच्या बापाने आणलेल्या मांदूस पेटीबद्दल सांगत होती: शिसवी, पितळेचे खिळे ठोकलेली, तळाला चोरकप्पा. ती अजून खालच्या खोलीत होती, मी कित्येकदा तिच्यावर बसून चहा घेतला होता.

त्यानंतर क्रिकेट, गोरे नट, गोवारीकरांची खाट, कशाकडेच तिचं लक्ष नव्हतं. जमावाचं दृश्य आलं की ती "रुको, रुको" म्हणायची. गावच्या बायका, काळे घागरे, आरशांचं भरतकाम, हातभर चुडे. एका ठिकाणी एक बाई गर्दीत बसलेली, शूटिंग थांबलेलं, आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघते. सिनेमात हे चालत नाही. गर्दीतला माणूस कॅमेऱ्यात बघायला लागला की ते दृश्य कापतात. इथे ते तसंच राहिलं होतं. आजीने ती बाई तीन-चारदा मागे न्यायला लावली. नातू कंटाळून खजुराच्या बिया ओळीत लावत बसला. शेवटी तिने फिंजान बोटांत धरून हलवला, म्हणजे पुरे, आणि म्हणाली, की सिनेमात हे गाव मी पाहिलंच नव्हतं.

खरंच होतं. सिनेमात ते चंपानेर होतं.

चित्रण झालं 2000 साली. 26 जानेवारी 2001 ला भूकंपात भुज कोसळलं आणि जूनमध्ये चित्रपट लागला. माहितीपटातल्या मागच्या भिंतींकडे, जिन्यांकडे, दुकानांच्या पाट्यांकडे मी आजीबरोबर तो पाहिल्यापासून वेगळ्या नजरेने बघते.

आपल्याकडच्या सिनेमाचा पहिला बोनस, माझ्या मते, दादासाहेब फाळक्यांचा. 1917 मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हे दाखवणारा छोटा चित्रपट केला. 'राजा हरिश्चंद्र' लागून उणीपुरी चार वर्षं झालेली, लोकांना पडद्यावर माणसं हलतात ह्याचंच नवल, आणि हा माणूस कॅमेरा स्वतःकडे वळवतो. त्यातला उरलेला तुकडा बघायला मिळतो: फाळके नटांना शिकवतायत, फिल्म हातात धरून उजेडात तपासतायत. जादूगार खेळ संपल्यावर बाही वर करून दाखवतो, तेवढं साधं. त्यांनी 1912 सालीच भांडवल मिळवायला मटाराचा दाणा रुजून वेल होईपर्यंतचा चित्रपट केला होता, म्हणजे कसं होतं ते दाखवायची खोड जुनीच. आणि 1919 च्या 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते. राग, हसू, रुसवा. मग तीच कृष्ण होते. आज हा भाग डिस्कवर 'ऑडिशन' म्हणून शेवटी टाकला असता. फाळक्यांनी तो आधी ठेवला, आणि मला तेच बरोबर वाटतं.

नवीन डिस्का अजून निघतात, नाही असं नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये 'ओपनहायमर' डिस्कवर आला तेव्हा त्याच्या फोर-के प्रती दुकानांतून संपल्या, आणि त्यात तीन तासांवर बोनस होता. भाच्याने मागवली, कव्हर काढलं नाही. म्हणे अशीच ठेवायची असते. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवायचं बंद केलं. आता सिनेमा फोनवर येतो आणि श्रेयनामावली सुरू झाली रे झाली की ती कोपऱ्यात ढकलून पुढचा काहीतरी सुरू होतो. कामटे, अथैया, देसाई वाचायलाही तेवढ्या पाच सेकंदांत बटण शोधावं लागतं.

मी अजूनही बोनस आधी बघते, सिनेमा नंतर. डिलीटेड सीन सोडून. ते कापले तेच बरं केलं, असं दहातल्या नऊ वेळा वाटतं. फजितीचे तुकडेही मला नकोत, नट हसतात तेवढं मला हसू येत नाही.

मराठीत सिनेमा करणाऱ्यांना एकच सांगणं आहे. डिस्क काढू नका हवी तर, कुठेही टाका, पण सेटच्या मागे एक कॅमेरा ठेवा आणि तो चालू राहू द्या. भांडणं ठेवा, उन्हात कोमेजलेली माणसं ठेवा, गर्दीतली जी बाई कॅमेऱ्यात बघते तिला तर जरूर ठेवा. फक्त 'आम्ही एक कुटुंबच होतो' हे वाक्य कापा.